छातीतलं पाणी आणि आयुष्याचे चार अंदाज

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावातल्या या बाई, वय ५४. घरी चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा नागपुरात गाडी चालवतो. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत. डॉक्टर म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण एकाच रुग्णाच्या पुढच्या आयुष्याबद्दलचा अंदाज थोड्या काळात चार वेळा बदलला. रोग तोच, फुफ्फुसाचा कर्करोग, टप्पाही तोच. दर वेळी फक्त आणखी एखाद्या प्रथिनाचा किंवा जनुकाचा अहवाल हाती येत गेला. आणि मधल्या एका अर्धवट अहवालावर या घराचं वावर विकलं जाता जाता राहिलं.

एडीए १४

खोकला पेरणीच्या दिवसांत सुरू झाला. आधी पावसाळी सर्दी म्हणून गेला, मग दम लागायला लागला. बाईंनी आयुष्यात बिडी ओढली नाही, खर्राही नाही. मात्र लग्न होऊन आल्यापासून त्या चुलीपुढे आहेत. घरात गॅस आहे, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून पऱ्हाट्या-तुराट्यांवरच. लाकूडफाट्याच्या घरगुती धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. एका विशिष्ट बाईला त्या धुरामुळेच रोग झाला असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बिडी नाही म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग नाही, हे गृहीत आमच्या भागात इतकं पक्कं आहे की त्यात बायकांचे महिने जातात.

तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, उजव्या बाजूला पाणी दिसलं. सुई घालून लिटरभर पाणी काढलं. रंग गवती, प्रथिनं दर डेसिलिटरला ४.६ ग्रॅम, पेशींत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त. विदर्भात असं पाणी म्हणजे टीबी, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. टीबीचं औषध सुरू झालं. त्याच कागदावर आणखी एक आकडा छापलेला होता: एडीए १४.

एडीए, म्हणजे ॲडेनोसिन डीअमायनेज, हे एक विकर (एन्झाइम) आहे. टीबीच्या पाण्यात रोगप्रतिकारक पेशी जोमात असतात, त्यामुळे ते वाढतं; लिटरला ४० युनिटच्या वर गेलं की आपल्याकडे टीबीचा संशय बळकट होतो. लिम्फोसाइट भरपूर आहेत आणि एडीए मात्र १४ आहे, अशा वेळी टीबीवर विश्वास ठेवायला फार मोठं दुसरं कारण लागतं. इथे ते नव्हतं. पाणी सायटॉलॉजीला, म्हणजे पेशींच्या तपासणीला, गेलंच नव्हतं. शे-दोनशे रुपयांची ही तपासणी त्या बाटलीतल्या पाण्यावर तेव्हाच होऊ शकली असती.

त्या आमच्याकडे दसऱ्यानंतर आल्या. मुलगा म्हणाला, “मायले टीबीच्या गोया सुरू हायेत जी, पण दम काही कमी नाही झाला.” पाणी पुन्हा भरलं होतं, वजन सहा किलो उतरलं होतं. स्वतःचं स्वतः करत होत्या, दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ उठून बसलेल्या असायच्या, पण वावरातलं काम सुटलं होतं. रुग्ण स्वतःचं किती करू शकतो हे मोजणाऱ्या ईसीओजीच्या मोजणीत ही दुसरी पायरी.

बाटली फेकायची नाही

या वेळी पाणी काळ्या चहासारखं तांबूस निघालं. बाराशे मिलिलिटर काढलं आणि त्यातला थेंबही फेकला नाही. हे मुद्दाम लिहितो आहे. गावाकडे सुईनं काढलेलं पाणी बादलीत जातं, दहा मिलिलिटर नळीत घालून लॅबला जातं, आणि पुढे सगळ्या तपासण्या त्या दहा मिलिलिटरवर भागवायच्या असतात. कर्करोगाच्या रुग्णात ते पाणी हेच पेशींचं भांडार असतं. ते स्वच्छ बाटलीत, फॉर्मलिन न घालता, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पाठवलं तर पॅथॉलॉजीवाले ते फिरवून पेशी तळाशी बसवतात, त्या गोळ्याचा सेल ब्लॉक करतात आणि मेणात बसवलेल्या त्या ब्लॉकचे बायोप्सीसारखेच पातळ काप काढता येतात. छातीत जाड सुई घालून फुफ्फुसाचा तुकडा काढायला आमच्या रुग्णाला दीडशे किलोमीटरवर नागपूरला जावं लागतं. पाण्याची बाटली त्या मानानं सहज जाते.

सायटॉलॉजीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींसारख्या पेशींचा कर्करोग, निघाला. आता प्रश्न हा की तो आला कुठून. फुफ्फुसातून, स्तनातून, अंडाशयातून की आतड्यातून? पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाखाली कापांची ओळ दाखवली, प्रत्येक काप एकेक प्रथिन हुडकणाऱ्या प्रतिपिंडानं रंगवलेला. टीटीएफ-१ या फुफ्फुसाकडे बोट दाखवणाऱ्या प्रथिनाच्या कापात कर्करोगी पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती, इतकी ठसठशीत की शंका राहू नये. नॅप्सिन-ए च्या कापात पेशींच्या अंगभर बारीक तपकिरी कण विखुरलेले, केंद्रक मात्र निळंच. पी४० चा काप स्वच्छ, म्हणजे स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) प्रकार नाही. कॅलरेटिनिनच्या कापात पुंजक्यांच्या आजूबाजूच्या सुट्या, फुफ्फुसावरणाच्या स्वतःच्या पेशी तेवढ्या रंगल्या होत्या आणि कर्करोगी पुंजके कोरे राहिले होते. चार प्रतिपिंडं, चार काप, आणि उगम ठरला: फुफ्फुस.

टीटीएफ-१ हे नुसतं ओळखपत्र नाही. ते असलेल्या ॲडेनोकार्सिनोमाचे रुग्ण ते नसलेल्यांपेक्षा सरासरीनं जास्त जगतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण अशा सरासरीवर एका माणसाबद्दल काही बोलता येत नाही, आणि त्यावर उपचारही बदलत नाही. म्हणून मी ते घरच्यांना सांगितलं नाही.

पहिला अंदाज

छातीच्या आवरणात कर्करोगाचं पाणी म्हणजे चौथा टप्पा. अशा रुग्णांसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला लेंट नावाचा एक गुणांक आहे. पाण्यातलं एलडीएच हे विकर, रुग्णाची ईसीओजी पायरी, रक्तातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, आणि गाठीचा प्रकार, अशा चार गोष्टींचे गुण मिळवायचे. बाईंचं पाण्यातलं एलडीएच ९२०, म्हणजे १५०० च्या आत, गुण शून्य. गुणोत्तर ५, म्हणजे ९ च्या आत; गुण शून्य. ईसीओजीचे दोन, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे दोन. बेरीज चार. या मधल्या गटातल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १३० दिवस, म्हणजे निम्मे त्याआधी जातात, निम्मे त्यानंतर.

मुलानं व्हरांड्यात विचारलंच, “किती दिवस हायेत?” मी त्याला आकडा दिला नाही. अजून तीन अहवाल यायचे होते, आणि तेच अंदाज बदलणारे होते. एवढंच सांगितलं की रोग गंभीर आहे, पूर्ण बरा होणार नाही, पण औषध कोणतं लागू पडेल ते कळेपर्यंत दिवस मोजायचे नाहीत.

हे टाळाटाळ म्हणून केलं नाही. १३० दिवस ऐकल्यावर माणसं काय करतात ते आमच्या भागात अनेकदा पाहिलं आहे. रुग्णाला घरी नेतात, लेकींना बोलावून घेतात, आणि उपचार तिथेच संपतो.

मधे आलेलं पॅकेज

दरम्यान कुणाच्या तरी सल्ल्यानं घरच्यांनी शहरातल्या एका लॅबमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ नावाची एकगठ्ठा तपासणी करून आणली. साडेपाच हजार रुपये. त्यात सीईए ८६, सीए-१२५ हे २१०, ही रक्तातली दोन्ही प्रथिनं वाढलेली; बाकी ठीक. सीए-१२५ वाढलेलं बघून लॅबच्या खिडकीवरच त्यांना सांगण्यात आलं की अंडाशयाचं बघून घ्या. मग सोनोग्राफी, मग स्त्रीरोगतज्ज्ञ, आठवडा गेला.

सीए-१२५ हे प्रथिन छातीच्या आणि पोटाच्या आवरणाच्या पेशीही तयार करतात. तिथे पाणी साठलं की, कारण टीबी असो, यकृत असो वा कर्करोग, रक्तात ते वाढतं. छातीत बाराशे मिलिलिटर पाणी असलेल्या बाईंचं सीए-१२५ २१० असण्यात नवल काहीच नाही. टीटीएफ-१ नं उगम आधीच सांगितला होता.

सीईएची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी ते आतड्याच्या कर्करोगात शोधलं. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमातही ते वाढतं, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसातही थोडं वाढलेलं असतं. निदानाला ते उपयोगी नाही, गावात शिबिर लावून सगळ्यांचं तपासायला तर मुळीच नाही. पण निदान झालेल्या रुग्णात सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला तर पुढे औषध लागू पडतं आहे का, हे पाहायला हाताशी एक स्वस्त खूण मिळते. ८६ हा आकडा मी केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पॅकेजमधलं कामाचं एवढंच.

दुसरा अंदाज: सत्तर टक्के

सेल ब्लॉकवरचे पुढचे दोन अहवाल आधी आले, कारण ते प्रथिनांचेच, रंगवून वाचायचे असतात. एएलके, हे काही गाठींत बिघडलेलं सापडणारं प्रथिन: निगेटिव्ह. पीडी-एल१: ७० टक्के कर्करोगी पेशींवर. पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर जनुकाची तपासणी पेशींतला डीएनए काढून करावी लागते. तो ब्लॉक मोठ्या शहरातल्या लॅबला गेला होता आणि अहवाल यायचा होता.

हा ७० चा आकडा घेऊन धाकटा मुलगा नागपुरात कुणालातरी भेटला. तिथे त्याला सांगण्यात आलं की पीडी-एल१ पन्नासच्या वर आहे, इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना मोकळं करणारं औषध, उत्तम चालेल, दर तीन आठवड्यांनी सलाइन, आणि खर्च लाखांत. दोघा भावांनी रात्रीत ठरवलं. रस्त्याकडचं दोन एकर वावर घ्यायला शेजारच्या गावचा एक जण तयारच होता. इसार घेण्याचा दिवस ठरला. थोरला मला सांगायला आला, विचारायला नव्हे: “वावर इकून टाकतो जी, पण माय वाचली पायजे.”

पन्नास टक्क्यांची ही गोष्ट खोटी नाही. पीडी-एल१ हे प्रथिन कर्करोगी पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि चालून आलेल्या टी-पेशीला, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशीला, ते थांबवतं. ते ज्यांच्या निम्म्याहून जास्त कर्करोगी पेशींवर आहे, अशा चौथ्या टप्प्याच्या रुग्णांवर कीनोट-०२४ ही चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये आले. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेतलेल्या गटातले जवळपास ३२ टक्के रुग्ण हयात होते, केमोथेरपीच्या गटातले १६ टक्के. चौथ्या टप्प्याच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात असा आकडा आमच्या पिढीनं आधी पाहिला नव्हता.

पण त्या चाचणीत कुणाला घेतलं नव्हतं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ईजीएफआरमध्ये उपचारयोग्य बदल असलेले आणि एएलकेमध्ये बदल असलेले रुग्ण त्यात नव्हतेच. म्हणजे ७० टक्क्यांचा हा चांगला अर्थ ज्यांना लागू होतो, त्यात या बाई आहेत की नाहीत, ते अजून ठरलेलंच नव्हतं. बिडी न ओढणाऱ्या बाईंचा ॲडेनोकार्सिनोमा. भारतातल्या अभ्यासांत ॲडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौघांत एका रुग्णाला ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत त्याहून जास्त.

एकच प्रथिन दोन गाठींत दोन वेगळ्या कारणांनी वाढू शकतं. धूम्रपानातून झालेल्या गाठीत जनुकीय बिघाड भरपूर असतात, टी-पेशींना ती परकी म्हणून ओळखू येते, त्या हल्ला करतात आणि गाठ बचावासाठी पीडी-एल१ वाढवते. तिथे तो अडसर काढला की टी-पेशी कामाला लागतात. ईजीएफआर बिघडलेल्या गाठीत मात्र त्या बिघडलेल्या संदेशामुळेच पीडी-एल१ वाढू शकतं. आजूबाजूला टी-पेशींची फौज असेलच असं नाही. कापावर दोन्हीकडे तपकिरी रंग सारखाच दिसतो.

हे कागदावरचं तर्कट नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ईजीएफआर-बदल आणि पीडी-एल१ दोन्ही असलेल्या रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहिलं गेलं. २५ रुग्ण घ्यायचे ठरले होते. ११ जणांवर अभ्यास थांबवावा लागला. प्रतिसाद मिळाला तो एकालाच, आणि तपासलं तेव्हा त्याचा मुळातला ईजीएफआर अहवालच चुकीचा निघाला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय आधी इम्युनोथेरपी घेऊन लगेच मागोमाग ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआरची गोळी घेतली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे चुकीच्या क्रमानं पैसा तर जातोच, आणि पुढची चांगली गोळीही धोक्याची होते.

एवढं सगळं मी थोरल्याला सांगितलं नाही. सांगितलं ते असं: अजून एक अहवाल यायचा आहे, तो आल्यावर औषध पूर्ण वेगळं असू शकतं आणि ते कितीतरी स्वस्त आहे, तोवर इसार घेऊ नका. तोपर्यंत दम लागला तर पाणी मी काढतो. त्यानं खरेदीदाराला पंधरा दिवस थांबवलं.

तिसरा अंदाज

अहवाल आला: ईजीएफआर, एक्सॉन १९ मधली डिलीशन, म्हणजे जनुकाच्या त्या भागातला छोटा तुकडा गळालेला.

२००९ च्या आयपास चाचणीत आशियातल्या, बहुतांशी धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांना गेफिटिनिब (ईजीएफआर रोखणारी गोळी) किंवा केमोथेरपी दिली होती. ईजीएफआरचा बदल असलेल्या रुग्णांत गेफिटिनिबनं गाठ आकसण्याचं प्रमाण ७१.२ टक्के होतं. बदल नसलेल्यांत १.१ टक्का. इतका उभा फरक वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो. गोळी तीच आहे. रुग्णाची गाठ कुठली आहे त्यावर ती औषध ठरते किंवा निरुपयोगी.

मग लेंटच्या १३० दिवसांचं काय? तो गुणांक सगळ्या फुफ्फुसाच्या कर्करोगांना दोन गुण देतो, ईजीएफआर विचारातच घेत नाही. गोळी लागू पडणाऱ्या रुग्णांचं आयुष्य तो कमी दाखवतो, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंच. त्या संध्याकाळी दोघा भावांना मी पहिल्यांदा काळाबद्दल बोललो: महिन्यांची नव्हे, वर्षांची भाषा करता येईल; एक वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त.

उपचारात पर्याय तीन होते. ऑसिमर्टिनिब घराच्या आवाक्यात नव्हतं. गेफिटिनिब देशी कंपन्या बनवतात, ते परवडत होतं. तिसरा पर्याय गेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबवर रोग मध्यक ८ महिने आटोक्यात राहिला, तर केमोथेरपीची जोड दिल्यावर १६ महिने. त्रासही जोड दिलेल्या गटात दुपटीच्या आसपास होता. आपल्याच रुग्णांवर झालेलं हे काम आहे, म्हणून माझा कल जोडीकडे होता आणि तो मी स्पष्ट सांगितला. बाई म्हणाल्या, “गोई घरी बसून खाता येते. दर तीन हप्त्याले नागपूरले कोण घेऊन जाईन? कापूस कोण येचन?” वेचणीचे दिवस होते. एमआरआयमध्ये मेंदू स्वच्छ होता, त्यामुळे घाईचं दुसरं कारण नव्हतं. नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून नुसत्या गेफिटिनिबवर सुरुवात केली, रोज २५० मिलिग्रॅम.

रिफाम्पिसिन

या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची जागा मला इथे वाटते, आणि ती कुठल्याच मार्करच्या अहवालात लिहिलेली नसते.

बाईंचं टीबीचं औषध चालूच होतं. गावातल्या आशाताई अत्यंत निष्ठेनं दर आठवड्याला येऊन गोळ्यांची पाकिटं मोजत होत्या. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं, पहिल्या टप्प्यातही आणि पुढच्याही. रिफाम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं जागी करतं. निरोगी स्वयंसेवकांवर मोजलं तेव्हा रिफाम्पिसिनसोबत घेतलेल्या गेफिटिनिबचं रक्तातलं एकूण प्रमाण ८३ टक्क्यांनी घटलं होतं. दोन्ही गोळ्या चालू राहिल्या असत्या तर दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ तशीच दिसली असती, आणि आम्ही म्हणालो असतो की या बाईंना ईजीएफआरची गोळी लागू पडली नाही, रोगच वाईट आहे.

मी टीबी युनिटच्या पर्यवेक्षकांशी बोललो, निदान बदलल्याचं लेखी दिलं, निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदप्रणालीत नोंद करून घेतली, आणि आशाताईंना फोन केला. त्यांना ते पटेना. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला की काय होतं, हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं आहे, आणि ते शिक्षण योग्यच आहे. एडीएचा आकडा आणि कर्करोगाचा अहवाल दोन्ही व्हॉट्सॲपवर पाठवले, नीट समजावलं, मग त्या म्हणाल्या की मी स्वतः जाऊन पाकिटं परत आणते. आणली. रिफाम्पिसिनचा प्रभाव ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात, तो हिशेब धरून पहिलं स्कॅन थोडं पुढे ढकललं. सोबतची ॲसिडिटीची रोजची गोळीही बंद केली. पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब नीट शोषलं जात नाही.

ज्या भागात टीबी दाट आहे, तिथे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण टीबीचं औषध घेतच आपल्यापर्यंत येणार. सेवाग्राम, सावंगी, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत हे पाहणारे लोक आहेत. पण गोळी शेवटी खाल्ली जाते ती गावातल्या घरात, आणि तिथे दोन वेगळ्या पिशव्यांतली औषधं एकमेकांना काय करतात हे बघणारं कुणीतरी लागतं.

पुरळ, अल्ब्युमिन आणि उतरता सीईए

तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ उठला. घरात सगळ्यांना वाटलं देवी आल्या. गोळी बंद झाली, अंथरुणात कडुलिंबाचा पाला आला, तेल-फोडणी बंद. पाचव्या दिवशी आशाताईंनीच फोन करून कळवलं. ईजीएफआर हे प्रथिन त्वचेच्या निरोगी पेशींवरही असतं. गोळी तिथेही काम करते, त्यातून हा पुरळ येतो. उन्हात जाताना चेहरा झाकायचा, मलम, काही आठवडे डॉक्सिसायक्लिन, आणि गोळी पुन्हा सुरू. औषध अंगाला लागतं आहे याची ती एका अर्थी खूण आहे, हे सांगितल्यावर बाईंनी पुरळाची तक्रार पुन्हा केली नाही.

अल्ब्युमिन सुरुवातीला २.९ होतं. कर्करोगात पुढचं भवितव्य सांगणारं हे सगळ्यात साधं प्रथिन. दीड-दोनशे रुपयांत तालुक्यात मोजता येतं आणि ते कमी असलेल्या रुग्णांचं पुढे वाईट होतं, हे जवळपास प्रत्येक कर्करोगात दिसलेलं आहे. तरी त्याकडे कुणी फारसं बघत नाही. शरीरातली सूज आणि उपासमार दोन्हींनी ते उतरतं. आणि इथे छातीतलं पाणी पुन्हा येतं: दर डेसिलिटरला ४.६ ग्रॅमच्या हिशेबानं प्रत्येक लिटर पाण्यासोबत ४६ ग्रॅम प्रथिनं शरीराबाहेर गेली, सात-आठ अंड्यांएवढी. बाई माळकरी, अंडी-मटण खात नव्हत्या. मग तूर-मुगाचं घट्ट वरण, शेंगदाणे, दूध, चण्याचं पीठ, असं थोरल्या सुनेला लिहून दिलं. गोळीनं पाणी भरणं थांबलं, तशी प्रथिनांची गळतीही थांबली. चार महिन्यांनी अल्ब्युमिन ३.७.

सीईए दोन महिन्यांनी ८६ वरून २२ वर आलं, मग ६, मग ५ च्या आसपास थांबलं. स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून कमी झाली होती. पुढच्या खरिपात त्या निंदणीला गेल्या. १३० दिवस तर होळीच्या आतच उलटून गेले होते.

चौथा अंदाज

दिवाळीच्या सुमारास सीईए ९ झालं. दम नव्हता, खोकला नव्हता, वजन तेच. एका आकड्यावर औषध बदलायचं नसतं. दीड महिन्यानं पुन्हा केलं, १९. तेव्हा स्कॅन केला. उजवीकडे दोन नवे ठिपके. गेफिटिनिबवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ पुन्हा वाढते तेव्हा ईजीएफआरमध्ये टी७९०एम नावाचा नवा बदल सापडतो, आणि तो रक्तातूनही शोधता येतो. पुन्हा सुई घालावी लागली नाही. दंडातून दोन नळ्या रक्त पाठवलं. टी७९०एम सापडलं.

अशा रुग्णांत ऑसिमर्टिनिब विरुद्ध केमोथेरपी अशी ऑरा-३ ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १०.१ महिने, केमोथेरपीवर ४.४. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी किंमत या घराच्या ताकदीबाहेरच होती. कंपनीच्या सवलत योजनेचे कागद भरले, धाकट्यानं त्यासाठी नागपुरात खेटे घातले, आणि महिन्याभरात गोळी मिळाली. तोवर गेफिटिनिब चालू ठेवलं.

थोरल्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी मी आकडा दिला. दहा महिने हा मधला आकडा आहे, निम्म्यांना त्याहून कमी मिळतात, निम्म्यांना जास्त. आणि मायची तब्येत आज पहिल्या दिवसापेक्षा चांगली आहे, ती ईसीओजीच्या दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर आली आहे, हे तिच्या बाजूचं आहे. त्यानंतर केमोथेरपी शिल्लक आहे, ती अजून वापरलेली नाही. त्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं, आणि गोळीचं नाव आणि वेळ टीबीच्या जुन्या कार्डाच्या मागे नको म्हणून नवं कार्ड मागितलं. रस्त्याकडच्या दोन एकरांत त्यांनी यंदा हरभरा पेरला आहे. पुढचं सीईए आणि अल्ब्युमिन संक्रांतीनंतर, स्कॅन होळीच्या आधी.